पाकीट घेऊन या

प्रिय मुली,

तुझा फोन आला तेव्हा भाकरी तव्यावर होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. पूर्व भागातल्या त्या गरोदर विडीवाल्या बाईनं लूमशेडमधली उंदीर मारायची वडी हातानं उचलून फेकली, एवढंच ना? साबणानं हात धुवायला लावलेस, बरं केलंस. नुसतं हात लागल्यानं अंगात फारसं जात नाही. उगाच घाबरवू नकोस.

पोटात गेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. आपल्याकडे "औषध घेतलं" म्हणतात, पण कुठलं ते सांगत नाहीत. काळपट पूड झिंक फॉस्फाइडची असते, ट्यूबमधला पिवळा फॉस्फरस लिव्हर धरतो, वडीत बहुधा ब्रोमॅडिओलोनसारखं रक्त न गोठू देणारं विष. रंगावर जाऊ नकोस. उकिरड्यातून काढावं लागलं तरी पाकीट पेशंटबरोबर सिव्हिलला गेलं पाहिजे. मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही, १०८ बोलवायची.

वडीतलं हे विष रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के अडवतं, पण रक्त गोठवणाऱ्या घटकांचा आधीचा साठा दीड-दोन दिवस पुरतो. तोवर बाई हसत-बोलत असते. मी एकीला अशीच घरी पाठवली होती. तिसऱ्या दिवशी मिश्री लावताना हिरड्यांतून रक्त आलं, तर मी म्हटलं, दिवस गेल्यावर येतंच! दुपारी लघवी लाल झाली तेव्हा डोळे उघडले. म्हणून पहिला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, चांगला आला तरी ४८ आणि ७२ तासांनी पुन्हा करायला लाव.

याच जातीचं वॉरफरिन १९४८ साली उंदरांसाठी आलं आणि १९५४ पासून माणसांनाही देऊ लागले. औषध शब्द तिथे दोन्ही अर्थांनी खरा. त्यावरूनच कळलं की ते वारेतून बाळापर्यंत जातं, आणि बाळाकडे व्हिटॅमिन के मुळातच तुटपुंजं. आईचा रिपोर्ट सुधारला म्हणून बाळाची सोनोग्राफी टाळायची नाही. पण "पाडून टाक" हे आपण बोलायचं नाही, तो निर्णय तिचा आणि डॉक्टरांचा. वडीचं विष महिनोन् महिने अंगात राहतं, त्यामुळे उतारा म्हणून दिलेल्या व्हिटॅमिन के-वनच्या गोळ्या तितक्याच लांबतात. बरं वाटलं की बायका बंद करतात, तिकडे लक्ष ठेव. बाळंतपणाच्या कागदावरही हे लिहून घे.

उद्या जाशील तेव्हा सासूला चहा टाकायला पाठव. ती आत गेली की हळूच विचार, "वडी खरंच फेकलीस का गं?" आणि गप्प बस.