मिंटवर फॉन्ट बदलताय? आधी एवढं करा

स्वागत! लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सिनॅमन डेस्कटॉपवर फॉन्ट बदलणं पाच मिनिटांचं काम आहे. मेनूत 'फॉन्ट सिलेक्शन' उघडा, आधीचे फॉन्ट आणि आकार मोबाईलवर टिपून घ्या (फोटो काढलात तरी चालेल), आणि एका वेळी एकच ओळ बदला. सगळं एकदम बदललं की नेमकं काय बिघडलं ते कळत नाही.

फॉन्ट कोणता? मी 'मुक्त' वापरतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, फुकट, आणि देवनागरीबरोबर रोमन अक्षरंही त्यातच. नुसता रोमन फॉन्ट निवडलात तर मराठी अक्षरं सिस्टीम दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टमधून उचलते आणि फाइलींची नावं ठिगळं लावल्यासारखी दिसतात. निवडण्याआधी 'दऱ्या, लक्ष, शाळा' लिहून बघा. ल आणि श हिंदी वळणाचे आले तर माझ्या डोळ्याला तरी खुपतात.

नवखे हमखास इथे अडकतात:

- डीटीपीवाल्याकडून आणलेला कृतिदेव सिस्टीमला लावणं. तो युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाही. पत्रिका छापायला ठीक, इथे नको.
- मोनोस्पेसच्या (सगळी अक्षरं सारख्याच रुंदीची असलेल्या फॉन्टच्या) जागी साधा फॉन्ट देणं. टर्मिनलमधले (कमांड टाइप करायच्या खिडकीतले) रकाने विस्कटतात. मी दोन दिवस टर्मिनललाच दोष देत होतो!
- अक्षर बारीक वाटतं म्हणून प्रत्येक फॉन्टचा आकार वाढवत बसणं. 'फॉन्ट सिलेक्शन'मध्येच सगळी अक्षरं एकदम लहान-मोठी करणारा 'टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर' आहे, तो १.१ करून बघा.

उतरवलेला फॉन्ट डबल-क्लिक करून इन्स्टॉल करा, सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लागत नाही. दिसला नाही तर अ‍ॅप बंद करून उघडा. फॉन्टकॉन्फिगच्या (सिस्टीमच्या फॉन्ट-सेटिंगच्या) फाइलींना सध्या हात लावू नका.