कंबरदुखीसाठी पहिल्यांदा अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेताय?

घाबरू नका. सुई इंजेक्शनसारखी नसते, त्यापेक्षा खूपच बारीक. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग आत जडपणा, ठणका जाणवतो. तो चालतो. वीज सळसळल्यासारखी कळ पायात गेली तर मात्र गप्प पडून राहू नका, लगेच सांगा. मी पहिल्या वेळी भिडेखातर दात-ओठ खात पडून राहिलो होतो, शुद्ध वेडेपणा!

नव्या माणसाकडे जाताय, तर एवढं बघा:

- नोंदणी विचारा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे. विचारण्यात अपमान कसला?
- सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. ‘तुमच्या सुया डबीत जपून ठेवतो’ म्हणाले, तर चप्पल घालून निघा.
- रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर, गरोदरपण, हे आधी सांगायचं.

नवखे लोक हमखास उपाशीपोटी जातात आणि चक्कर येते. पोळीभाजी खाऊन जा. दुसरी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी २० सिटिंगचे पैसे भरणं. ५-६ वेळा जाऊन बघा. वाकून चपलेचा पट्टा लावणं सोपं झालं का, हे रोज वहीत लिहा. काहीच फरक नसेल तर थांबा. चालणं आणि डॉक्टरांची औषधं मनाने बंद करू नका.

पाय बधिर पडतोय, लघवीवर ताबा राहत नाहीये किंवा सोबत ताप आहे? मग सुया राहू द्या, आजच हॉस्पिटल गाठा.

सुया कुठल्या बिंदूंवर टोचतात, सुयांना सौम्य वीज जोडतात ते वगैरे नंतर बोलू.