दापोलीत बी.एस्सी. कृषीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा प्रकल्प कोणत्या स्पर्धेत मांडू?

'आविष्कार' या आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धेत मांडा. तिथे कृषी व पशुसंवर्धन हा स्वतंत्र गट आहे आणि पदवीचे विद्यार्थी पदव्युत्तरांपासून वेगळे धरले जातात. आधी विद्यापीठाची निवड, मग राज्य पातळी. मी मुलांच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करतो; परीक्षक मॉडेलच्या रंगरंगोटीपेक्षा नोंदी विचारतात. प्रकल्प अजून ठरला नसेल तर एक सुचवतो: हापूसच्या बागेत मिथिल युजेनॉलचे (फळमाशीला ओढणारं गंधद्रव्य) फळमाशी सापळे वेगवेगळ्या उंचीवर टांगा, दर आठवड्याला माश्या मोजा, प्रत्येक उंचीला निदान तीन झाडं ठेवा. खर्च किरकोळ. या सापळ्यात फक्त नर येतात, हा प्रश्न हमखास येतो! मात्र हंगाम पाहा: आंबा उन्हाळ्यात, त्यामुळे नोंदी स्पर्धेच्या आधीच्या हंगामातच घ्याव्या लागतील.