रनिंग बॅकचा प्रशिक्षक होतो तेव्हा

प्रश्न : मी कॉलेजच्या कबड्डी संघात चढाई करतो. अमेरिकन कॉलेज फुटबॉलही आवडीने बघतो. एडी जॉर्ज हा रनिंग बॅक पुढे मुख्य प्रशिक्षक झाला. नुसता चेंडू घेऊन पळणारा खेळाडू बाकीच्यांना काय शिकवणार?
– एक विद्यार्थी, लालबाग

उत्तर : पळणं आपल्याला दिसतं, पण रनिंग बॅकचं पहिलं काम चेंडू सांभाळण्याचं. १९९२ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाकडून इलिनॉय विद्यापीठाविरुद्ध खेळताना गोलरेषेच्या तोंडाशी जॉर्जच्या हातून दोनदा चेंडू सुटला. त्यातला एक घेऊन प्रतिस्पर्धी ९६ यार्ड पळाला. सामना १६-१८ असा गेला आणि जॉर्ज बराच काळ मागे पडला. १९९५ मध्ये त्याच इलिनॉयविरुद्ध त्याने पळून ३१४ यार्ड काढले, मोसमात १,९२७, आणि सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी जिंकली.

चेंडू का सुटतो? तो पाच ठिकाणी दाबलेला हवा : टोकावर पसरलेली बोटं, तळवा, कोपराखालचा हात, दंड आणि बरगड्या. वेगात तोल सावरताना कोपर बरगड्यांपासून सुटतं, फट पडते आणि मागून येणारा नेमका तिथेच ठोसा घालतो. म्हणून गर्दीत शिरताना दुसरा हातही चेंडूवर हवा. सरावात खेळाडूंच्या दोन रांगांमधून पळवतात आणि रांगेतले चेंडूवर थापा मारत राहतात. सर्वांत जास्त घात रेषेजवळ होतो. परतताना मध्यरेषेवर नजर गेली की चढाईपटूचा मागचा पाय पकडीत सापडतो ना, तसंच.

पण प्रशिक्षक खरा घडतो तो क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूच्या, रक्षणात. पास द्यायचा असेल तेव्हा रनिंग बॅक अनेकदा पळत नाही, घुसणाऱ्याला अडवतो. चाल सुरू होण्याआधीच समोरून कोण येणार हे त्याला ताडावं लागतं, आपले पुढच्या फळीतले पाच लाइनमन कुणाला अडवणार हेही पाठ असावं लागतं. दोघे घुसले तर आधी आतला अडवायचा, कारण क्वार्टरबॅककडे जाणारी त्याची वाट जवळची. इथे चूक झाली तर क्वार्टरबॅक जायबंदी होतो. हे ज्याला जमलं, त्याला अख्ख्या आक्रमणाची मांडणी कळते.

जॉर्जची वाट मात्र अपवाद समजा. साधारणपणे आधी सहायक, मग एकाच जागेवरच्या खेळाडूंचा प्रशिक्षक, मग अख्ख्या आक्रमणाचा किंवा बचावाचा समन्वयक, असं चढावं लागतं. तो २०२१ मध्ये प्रशिक्षणाचा काहीच अनुभव नसताना थेट टेनेसी स्टेट विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक झाला. पण आक्रमणाची सूत्रं त्याने ह्यू जॅक्सन या एनएफएलमधल्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या) माजी मुख्य प्रशिक्षकाकडे दिली, हे शहाणपणाचं होतं. २०२४ मध्ये संघाने ९ सामने जिंकले, ४ हरले. २०२५ मध्ये तो बोलिंग ग्रीन विद्यापीठाकडे मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला.

प्रश्न : मुलीला अमेरिकन फुटबॉल शिकायचा आहे, पण अंगावर आदळणं नको. काही मार्ग?
– एक पालक, मुलुंड

उत्तर : फ्लॅग फुटबॉल. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आहे, महिलांचाही. पाच-पाच जण खेळतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला लटकणारी फीत, म्हणजे फ्लॅग, ओढला की चाल संपली. चेंडू जमिनीवर पडला तरी खेळ तिथेच थांबतो. नवशिक्यांना नडतो तो मोकळा हात : पळताना तो कमरेशी झुलतो, फ्लॅग झाकतो आणि फाउल मिळतो. सुरुवातीला चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरूनच पळायला सांगा.