वाचक विचारतात : सिनेटर नोलंड आणि १९५८ची फसलेली अदलाबदल

प्रश्न : विल्यम नोलंड निवडणूक न लढवताच अमेरिकेत सिनेटर (तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य) झाले, हे कसं?

उत्तर : ऑगस्ट १९४५मध्ये कॅलिफोर्नियाचे सिनेटर हायरम जॉन्सन वारले. अशी जागा रिकामी झाली की पुढच्या निवडणुकीपर्यंत गव्हर्नर माणूस नेमू शकतो. (तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, थेट मतदारांनी निवडलेला असतो.) गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी ३७ वर्षांच्या नोलंडना नेमलं, तेव्हा ते लष्करात मेजर होते आणि युरोपात होते. वडील जोसेफ नोलंड ‘ओकलंड ट्रिब्यून’ या वर्तमानपत्राचे मालक, वॉरन यांचे जुने पाठीराखे. वशिला म्हणा हवं तर. पण १९४६ची निवडणूक नोलंडनी स्वतः जिंकली.

प्रश्न : सिनेटमधल्या रिपब्लिकनांचं नेतेपद सोडून ते गव्हर्नरकीच्या मागे का लागले?

उत्तर : नजर १९६०च्या राष्ट्राध्यक्षपदावर होती, असंच तेव्हा बहुतेकांना वाटे. पण गव्हर्नरच्या खुर्चीत गुडविन नाइट होते, तेही रिपब्लिकनच. पक्षाने दबाव आणून त्यांना सिनेटच्या जागेवर ढकललं. मतदारांना ही अदलाबदल रुचली नाही.

त्यात नोलंडनी थेट मतदारांच्या कौलासाठी आलेला ‘प्रस्ताव १८’ डोक्यावर घेतला. नोकरी टिकवायला युनियनचं सभासद असलंच पाहिजे, अशी अट घालणारे करार त्याने बंद झाले असते. युनियन चवताळून उठल्या, घरोघर फिरल्या. नाइट मात्र या प्रस्तावाच्या विरोधात! एकाच पक्षाचे दोन मुख्य उमेदवार दोन तोंडांनी बोलत होते.

नोलंड हरले, त्याचं तिसरं कारण सहसा कुणी सांगत नाही. कॅलिफोर्नियात उमेदवाराला दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) उभं राहता येई. १९५२मध्ये नोलंडनी दोन्हीकडे बाजी मारली, नोव्हेंबरची मुख्य लढत नावापुरतीच उरली. १९५४पासून मतपत्रिकेवर नावासमोर पक्ष छापणं सक्तीचं झालं. डेमोक्रॅट मतदार तिथे जास्त. आता ते चुकून रिपब्लिकनाला मत देईनात. गव्हर्नरपदाचे डेमोक्रॅट उमेदवार पॅट ब्राउन सुमारे दहा लाख मतांनी जिंकले. नाइट पडले, प्रस्तावही पडला.

प्रश्न : नंतर त्यांनी काय केलं?

उत्तर : ‘ट्रिब्यून’मध्ये परतले. १९६४मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांचा कॅलिफोर्नियातला प्रचार सांभाळला, १९६६मध्ये वडील गेल्यावर वर्तमानपत्राची सगळी सूत्रं हाती घेतली. शेवटी कर्जाने घेरले गेले. २१ फेब्रुवारी १९७४ला ‘ट्रिब्यून’ला शंभर वर्षं झाली, २३ तारखेला कॅलिफोर्नियातल्याच ‘रशियन रिव्हर’ नदीकाठच्या घरी त्यांनी आत्महत्या केली.