आत्याचं घर खेडला, कॉलेज दापोलीला

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या लेकीला दापोलीच्या कृषी महाविद्यालयात बी. एस्सी. कृषीला प्रवेश मिळाला, त्याबद्दल तिचं आणि तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन. देवगड तालुक्यातल्या कलमबागेत वाढलेली मुलगी हे शिक्षण घेते आहे याचा मला फार आनंद झाला. तुम्ही लिहिलंय की ती मामाच्या घराशिवाय कुठे राहिलेली नाही. हॉस्टेलचं नाव काढलं की तुमच्या पोटात गोळा येतो. खेडला राहणाऱ्या तुमच्या नणंदबाई म्हणतात, "पोर घरची आहे, माझ्याकडे राहील, रोज एसटीने जाईल-येईल." यजमानांनाही ते पटलंय. मुलगी म्हणते, तुम्ही ठरवाल तसं, पण तिचा ओढा हॉस्टेलकडे आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "ती तिथे एकटी पडली तर?"

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी तरी तिला हॉस्टेललाच राहू द्या.

आधी रस्त्याचं बघू. खेड ते दापोली तीसेक किलोमीटर, वळणावळणाचा रस्ता. एका वेळेला तास-सव्वा तास धरा, पावसाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे रोजचे अडीच-तीन तास प्रवासात, शिवाय शेवटची गाडी चुकेल ही धास्ती. कृषीची पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची. तिच्यात वर्गातल्या तासांइतकीच प्रात्यक्षिकं असतात आणि ती प्रक्षेत्रावर, म्हणजे कॉलेजच्या शेतावर, चिखलात, सकाळच्या वेळी चालतात. भिजलेल्या कपड्यांनी एसटीत बसून घरी पोचणाऱ्या मुलीला रात्री जर्नल लिहायला किती बळ उरेल?

आत्याच्या मायेबद्दल मला जराही शंका नाही. पण घर म्हटलं की घरातल्या कामांना हात लावावाच लागतो. पाहुणे आले तर चहा, सण आला तर तयारी, धाकट्या भावंडाचा अभ्यास. "मला उद्या सबमिशन आहे" हे तुमच्या लेकीसारखी शहाणी मुलगी आत्याला तोंडावर सांगणार नाही. ती मुकाट्याने कामाला लागेल आणि अभ्यास मागे पडेल. दोष कुणाचाच नसेल, नुकसान मात्र तिचं होईल.

आता हॉस्टेलात काय मिळतं ते सांगते, कारण पत्रात तुम्ही फक्त तिथल्या धोक्यांबद्दल विचारलंय. वनस्पतींचे नमुने जमवून हर्बेरियम करायचं काम घ्या. रोपटं मुळासकट काढायचं, वर्तमानपत्राच्या घडीत पसरायचं, वर वजन ठेवायचं. कोकणच्या दमट हवेत ते कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि मेहनत वाया जाते. एकटीने हे निभत नाही. हॉस्टेलात एक मुलगी कागद आणते, दुसरी ते पंख्याखाली वाळवते, तिसरीला स्थानिक नाव माहीत असतं आणि चौथी सीनियर ताईकडून शास्त्रीय नाव तपासून आणते. तुमच्या लेकीला गावाकडची नावं येत असणार, त्या खोलीत तिचा भाव वधारेल.

या कॉलेजात राज्यभरातून मुलं येतात. बुलढाण्याच्या किंवा लातूरच्या मुलीने असा पाऊस पाहिलेला नसतो, आंब्याचा मोहोर नि त्यावरचे तुडतुडे पाहिलेले नसतात. तुमच्या मुलीने कापूस आणि तूर शेतात उभी पाहिलेली नसेल. पुढे नोकरी राज्यात कुठेही लागेल, तेव्हा हीच रात्रीच्या गप्पांतली ओळख उपयोगी पडते. लोकसेवा आयोगाची कृषी सेवा परीक्षा, बँकांमधली कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची पदं, पदव्युत्तर प्रवेशासाठीची राष्ट्रीय परीक्षा, या सगळ्यांची खरी माहिती, म्हणजे कोणती पुस्तकं वाचायची, कधीपासून सुरुवात करायची, ही हॉस्टेलच्या व्हरांड्यात मिळते. आणि शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी या मुली गावात जाऊन शेतकऱ्यांबरोबर काम करतात. वर्तमानपत्रात 'कृषिकन्या' म्हणून ज्यांचे फोटो तुम्ही पाहता, त्या ह्याच. अनोळखी माणसांत राहायची सवय तोवर झालेली असावी.

रॅगिंगची भीती तुम्ही मोकळेपणाने लिहिलीत, ते बरं केलंत. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय कॉलेजातून काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रार आली की संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावीच लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाची १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. हा नंबर तुमच्या आणि तिच्या, दोघींच्या मोबाइलमध्ये आजच साठवा. "सीनियर रात्री खोलीत बोलावतात" असं ती एकदा जरी म्हणाली, तरी थांबू नका, रेक्टरना फोन करा.

एकटेपणा येईल, ताई. सुरुवातीचा महिना-दीड महिना जवळपास प्रत्येक मुलीला तो येतो. रात्री फोनवर रडू फुटेल, मेसचा भात गिळवत नाही म्हणेल. त्या क्षणी "बाबांना पाठवते, ये घरी" हे वाक्य ओठांवर येईल, ते आवरा. फोनची एक वेळ ठरवून घ्या. "जेवलीस का?" एवढ्यावर न थांबता आज प्रक्षेत्रावर काय दाखवलं, रूम पार्टनर कुठली, तिचे आईवडील काय करतात हे विचारा. महिन्याभरात आवाज बदललेला तुम्हाला कळेल. उलट दीड महिन्यानंतरही ती जेवत नसेल, वर्गात जात नसेल, कुणाचंच नाव घेत नसेल, तर फोनवर समजावत बसू नका. स्वतः जा, रेक्टरना भेटा, तिला डॉक्टरांकडे न्या. घराची आठवण येणं आणि खचून जाणं यात फरक असतो.

गणपतीला ती येईलच, कोकणातलं घर आहे. पण हॉस्टेलात रुळायच्या आतच सुट्टी लागली, तर परत जाताना पाय जड होतो आणि "अजून दोन दिवस" करत आठवडा निघून जातो. येण्याच्या आधीच परतीचा दिवस ठरवा. त्या दिवसांत कोकण रेल्वेचं आरक्षण लवकर संपतं, म्हणून कणकवलीहून खेडपर्यंतचं परतीचं तिकीट आधी काढा.

पैशांचं थोडक्यात. २०२४-२५ पासून केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना आलेल्या, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. हॉस्टेल आणि मेसचा खर्च त्यात येत नाही. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघा. ती अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा. तुमची जमीन किती ते पत्रात नाही, पण सातबारा, उत्पन्नाचा दाखला आणि तिचं आधार जोडलेलं बँक खातं तयार ठेवा. खातं तिच्या नावाचं असू दे आणि महिन्याचे पैसे एकदाच टाका. हिशोब तिला ठेवू दे.

सामानात दोन जादा चादरी, मच्छरदाणी, कपडे वाळवायची दोरी, चांगलं कुलूप आणि लवकर सुकणारे कपडे द्या. दापोलीच्या पावसात जाड जीन्स चार-चार दिवस ओली राहते.

हॉस्टेलच्या खोल्या मर्यादित असतात, म्हणून प्रवेश निश्चित करायला जाल त्याच दिवशी हॉस्टेलचा अर्ज भरा. खोली नाहीच मिळाली, तर कॉलेजजवळ वर्गातल्या दोन-तीन मुलींबरोबर खोली घ्या. तरीही खेडहून रोजचं जाणं-येणं नको.

राहिल्या तुमच्या नणंदबाई. त्यांचं मन दुखवायचं कारण नाही. हॉस्टेलच्या अर्जात स्थानिक पालकाचं नाव आणि फोन नंबर मागतात, तिथे त्यांचं नाव लिहा. अर्ज भरण्याआधी लेकीलाच त्यांना फोन करू दे: "आत्या, मी हॉस्टेलला राहते आहे, पण माझी तिथली पालक तू. महिन्यातून एका रविवारी तुझ्याकडे जेवायला येईन, आणि कधी ताप आला तर आधी तुलाच फोन करेन."