बंदूक ठीक आहे, टीव्ही बदला

या महिन्याच्या टपालात चार पत्रं टीव्ही गेमची निघाली. सांगलीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा मे महिना म्हणजे गेमचाच सीझन असायचा. परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी फळीवर बंद पडलेल्या मशिनांची रांग. त्यामुळे मिक्सर आणि इन्व्हर्टरवाल्यांनी या वेळी थोडी कळ काढावी.

प्रश्न : घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावर लहानपणचा टीव्ही गेम सापडला, बंदुकीसकट. नव्या एलईडी टीव्हीला जोडला. मारिओ व्यवस्थित चालतो, पण बदकांच्या गेममध्ये एक गोळी लागत नाही. कुत्रा नुसता हसतो. मुलीसमोर पार शोभा झाली. बंदूक दुरुस्त होईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

बंदूक उघडू नका. ती बहुधा ठणठणीत आहे. दोष तुमच्या टीव्हीचा, आणि तो दोष म्हणजे टीव्हीचं नवेपण.

आपल्या सगळ्यांची समजूत अशी की बंदुकीतून काहीतरी निघतं आणि पडद्यावरच्या बदकाला लागतं. प्रत्यक्षात उलटं आहे. बंदुकीतून काहीच निघत नाही, ती फक्त बघते. नळीत एक भिंग आणि त्याच्या मागे उजेड ओळखणारा डायोड, एवढाच जीव. तुम्ही घोडा ओढलात की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो. त्याच्या पुढच्या चित्रात जिथे बदक होतं तिथे पांढरा चौकोन काढतो, बाकी अंधारच. त्या वेळी बंदुकीला उजेड दिसला तर बदक पडलं, नाही दिसला तर कुत्रा हसला. बदकं दोन असली तर चौकोनही दोन, पण एकामागून एक येतात. कितव्या चित्राला उजेड दिसला त्यावरून कुठलं बदक ते ठरतं. घोडा ओढल्यावर पडदा लखकन चमकायचा, आठवतंय? ते हेच.

आणि आधी काळं चित्र कशाला? चोरी पकडायला. माझ्या दुकानातल्या पोऱ्याने ट्यूबलाइटवर नेम धरून बदकं पाडायचा बेत केला होता. पडदा काळा असतानाही बंदुकीला उजेड दिसतोय, म्हणजे नेम पडद्यावर नाहीच, हे गेमला कळतं. पोऱ्या हिरमुसला. मी मात्र त्या दिवशी मनातल्या मनात टोपी काढली. एक डायोड, एक भिंग, आणि बाकी सगळी हुशारी गेमच्या प्रोग्रॅममध्ये.

आता टीव्ही. जुन्या डबा टीव्हीत पिक्चर ट्यूबचा झोत वरून खाली रेघा मारत सेकंदाला पन्नास वेळा चित्र काढायचा. मशीनने सिग्नल सोडला की त्याच क्षणी काचेवर उजेड. मध्ये कोणी नाही. नवा टीव्ही मात्र आलेलं चित्र आधी आपल्याकडे ठेवून घेतो, मोठं करतो, रंग सुधारतो, मग दाखवतो. सेकंदाचा विसावा भाग जरी त्यात गेला तरी खेळ संपला. गेमने विचारलं "उजेड दिसला का?", बंदूक म्हणाली नाही, आणि पांढरा चौकोन पडद्यावर उमटला त्यानंतर. शिवाय मूळ बंदुकीतलं सर्किटही पिक्चर ट्यूबच्या उजेडाच्या थरथरीवरच बसवलेलं असतं, एलईडीचा स्थिर उजेड त्याच्या हिशेबात धरलेलाच नाही. टीव्हीत "गेम मोड" असेल तर उशीर कमी होतो, बंद होत नाही. तेव्हा भंगारवाल्याकडे एखादा चौदा इंची डबा मिळतो का बघा, आणि ब्राइटनेस चांगला वाढवून ठेवा. "बंदूक मेली" म्हणून आलेल्या कितीतरी गिऱ्हाइकांच्या घरी मी फक्त ब्राइटनेसचं बटण फिरवलंय. पैसे घ्यायला जड जायचं. घ्यायचो, पण जड जायचं.

या बंदुकीची कुळकथा मला फार आवडते. मासायुकी उएमुरा नावाचे इंजिनिअर आज शार्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीसाठी उजेडावर चालणारे सेल विकत हिंडायचे. ते निंटेंडोत पोचले. तेव्हा निंटेंडो ही क्योटोतली पत्ते आणि खेळणी बनवणारी कंपनी. तिथल्या गुनपेई योकोई यांना वाटलं, हा सेल खेळण्यातल्या बंदुकीचं लक्ष्य म्हणून वापरला तर? १९७० साली ती बंदूक बाजारात आली. पुढे १९७६ला भिंतीवर बदकाचं चित्र पाडून नेम धरायचं खेळणं आलं, आणि १९८४ला तेच बदक टीव्हीत शिरलं. मधल्या काळात उएमुरा निंटेंडोतच दाखल झाले होते. तुमच्या माळ्यावरचं मशीन बहुधा ज्याची नक्कल आहे तो १९८३चा फॅमिकॉम त्यांचाच. म्हणजे बंदूक, तिचा गेम आणि मशीन, तिन्ही एकाच आवारातले. कुत्र्यावर गोळी झाडायचा प्रयत्न सगळ्यांनीच केलाय, मुलीलाही करू द्या.

प्रश्न : काका, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कन्सोल, म्हणजे टीव्ही गेमची मशिनं, बनवणाऱ्या कंपन्यांत आधी मशीन ठरतं आणि मग त्यावर गेम, की आधी गेम आणि मग मशीन?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

कंपनीगणिक उत्तर वेगळं, आणि एकाच कंपनीत वेळेगणिक वेगळं. पण वरच्या फॅमिकॉमपासूनच सुरू कर.

तेव्हा निंटेंडोचा डाँकी काँग हा गेम १९८१पासून नाक्यावरच्या मशिनांत तुफान चालत होता. उएमुरा रिको कंपनीकडे चिप बनवून घ्यायला गेले तेव्हा मोजमाप तेच होतं : हा गेम घरच्या टीव्हीवर चालला पाहिजे. "अमुक इतकी ताकद हवी" असं नव्हे, "हा गेम चालला पाहिजे" असं. १५ जुलै १९८३ला मशीन विकायला आलं त्याच दिवशी बरोबर आलेल्या तीन गेममध्ये डाँकी काँग होताच. किंमत १४,८०० येन. ती खाली ठेवायची म्हणून मशीनच्या पोटात कामाची मेमरी फक्त २ केबी. तुझ्या कॉलेजच्या लॅबमधला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्डसुद्धा तेवढी मिरवतो.

आता गंमत बघ. गेमने मशीन घडवलं, मग मशीनच्या चणचणीने पुढचे गेम घडवले. १९८५चा सुपर मारिओ सगळा मिळून ४० केबीचा. मोबाइलवरच्या चार एमबीच्या एका फोटोत असे शंभर मारिओ मावतील. एवढ्यात बसवायचं तर एकच चित्र दोनदा वापरावं लागतं : त्यातला ढग आणि झुडूप यांचा आकार एकच आहे, नुसता रंग बदललाय. मी ते मशीन शेकड्याने उघडलं, पण हे माझ्या लक्षात कधीच आलं नव्हतं. भाच्याने दाखवलं तेव्हा खुर्चीतून उठलो. काँट्रामध्ये गोळ्यांचा पाऊस पडला की माणसं लुकलुकायला लागायची, तेही बिघाड म्हणून माझ्याकडे यायचं. बिघाड नाही तो. पडद्याच्या एका आडव्या रेघेवर ती चिप आठच हलती चित्रं दाखवू शकते. नववं आलं की कोणीतरी गायब. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे आळीपाळीने एकेकाला गायब करायचे; सगळेच अर्धे दिसतात, पण दिसतात. आपल्या गावात पाणी जसं एक दिवसाआड येतं ना, तसं.

योकोईंचं तर तत्त्वच होतं, ज्याला ते वाळलेल्या तंत्राचा आडवा विचार म्हणायचे : भाग जुना, स्वस्त, सगळे खाचखळगे माहीत झालेला घ्यायचा आणि त्याचा कोणी न केलेला उपयोग करायचा. १९८९च्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या मशीनचा पडदा बघ. रंग नाहीत, चारच छटा, मागून दिवा नाही. चित्र जोरात सरकलं की पुसट व्हायचं. पण त्याबरोबर टेट्रिस दिला. ठोकळे सावकाश खाली येतात, मागचं काही सरकत नाही, रंग नसला तरी आकार ओळखू येतात. त्या पडद्याचं एकही व्यंग त्या खेळात उघडं पडत नाही. आणि पेन्सिल सेल चार, चालायचे पंधरा तासांच्या घरात. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीने पुढच्याच वर्षी रंगीत, दिव्याचा गेम गिअर आणला. त्याला सेल सहा लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. सेल विकत आणून देणारा बाप कोणाच्या बाजूने उभा राहणार, तूच सांग.

खऱ्या अर्थाने दोन्ही एकत्र शिजलं ते निंटेंडो ६४मध्ये, १९९६ साली. मारिओला पहिल्यांदाच तिन्ही दिशांनी पळायचं होतं. जुन्या चार दिशांच्या बटणाने ते जमेना. थोडी ढकलली तर चालेल, पूर्ण ढकलली तर धावेल अशी अंगठ्याची दांडी हवी होती. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांच्या मंडळींनी गेमचं जग उभं करण्याआधी एका छोट्या जागेत मारिओ आणि एक ससा सोडला, आणि सशाला पकडणं हाताला गोड लागेपर्यंत पळण्या-वळण्यावर काम केलं. त्या सशाचं नाव मिप्स, मशीनच्या प्रोसेसरच्या घराण्याचं नाव. शेवटी विकायला आलेल्या गेममध्येही तो ससा आहे, तळघरात पळत असतो.

उलटा नमुनाही आहे. सोनीचा २००६चा प्लेस्टेशन ३. सेल नावाचा प्रोसेसर, कागदावर राक्षस. पण कामाची वाटणी त्याच्या छोट्या छोट्या गाभ्यांवर (कोअरवर) हाताने करत बसावं लागे, आणि गेम लिहिणारे मेटाकुटीला आले. पुढच्या, २०१३च्या मशीनची आखणी सोनीने मार्क सर्नी यांच्याकडे दिली. हा माणूस मुळात गेम बनवणारा. त्याने आधी गेमवाल्यांना जाऊन विचारलं, तुम्हाला काय हवं? सगळ्यांना मिळून एकच मोठी मेमरी, हे त्यांच्या मागण्यांत ठळक होतं. ८ जीबी मिळाली. आणि मशीन आखता आखता स्वतः एक गेमही त्यावर बनवला. दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणून सांगतो : सर्किटच्या पोरांनी एक तरी छोटा गेम लिहावा, अगदी साप आणि अंडी असला तरी चालेल. आपल्या बोर्डात काय कमी आहे ते तेव्हाच टोचतं.

प्रश्न : मुलगा दहावीला आहे. म्हणतो, अमुक गेम फक्त त्या कंपनीच्या मशीनवरच चालतो. घरात चांगला कॉम्प्युटर असताना हजारो रुपयांचं मशीन घ्यायला लावणं ही सरळ फसवणूक नाही का?
— एक आई, नाशिक

ताई, निम्मं तुमचं खरं आहे. गेम अडवून ठेवायचा म्हणजे मशीन खपतं, हा धंदा आहे. सोनीचा २०१८चा स्पायडरमॅन चार वर्षांनी, २०२२ला, कॉम्प्युटरवर आलाच की.

उरलेलं निम्मं मात्र खरंखुरं इंजिनिअरिंग आहे. तो स्पायडरमॅन फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर चालायचा. त्याचा वेग धरा सेकंदाला १०० एमबी, आणि तोही डोकं तबकडीवर शोधत हिंडलं नाही तर. नायक इमारतींवरून झोके घेत सुटलेला, पुढची गल्ली वेळेत आली पाहिजे. म्हणून रस्त्यावरच्या टपालपेटीसारखी वस्तू डिस्कवर चारशे-चारशे वेळा लिहून ठेवली होती. प्रत्येक गल्लीबरोबर तिची पेटी, शोधाशोध नको. हे सर्नींनीच २०२०च्या भाषणात सांगितलं. प्लेस्टेशन ५ला त्यांनी सेकंदाला साडेपाच जीबी वाचणारा एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांची डिस्क, घातला तो अशा गोष्टींसाठी. मशीनबरोबर आतच एक छोटा गेम फुकट येतो, ॲस्ट्रोज प्लेरूम. वाळूवर, बर्फावर चाललं की हातातला कंट्रोलर वेगवेगळा थरथरतो. ज्यांनी तो खेळ केला ते सोनीचेच, कंट्रोलर तयार होत असतानाच प्रयोग करत होते. हे कॉम्प्युटरवाल्यांना एका हाताने जमत नाही, कारण कोणाच्या घरी कुठला भाग बसवलाय हे त्यांना ठाऊक नसतं.

ते मशीन आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ला आलं तेव्हा ४९,९९० रुपयांचं होतं, आणि गेमचे पैसे वेगळे; खरी कमाई तिथेच असते. दहावी होऊ द्या. तोपर्यंत ज्याच्या घरी आहे त्याच्याकडे सुट्टीत एक दुपार पाठवा. कंट्रोलरच्या थरथरण्यापेक्षा मित्राच्याच घरी जास्त मजा आली असं निघालं तर तुमचे पैसे वाचले.

प्रश्न : कॅसेट काढून तोंडाने फुंकर मारली की गेम सुरू व्हायचा. त्यामागचं शास्त्र काय?
— एक वाचक, पंढरपूर

शास्त्र काढून परत घालण्यात होतं. कॅसेटच्या तोंडाची धातूची पट्टी मशीनमधल्या पिनांना नव्याने घासायची आणि जोड लागायचा. फुंकरीने उलट तोंडाची ओल लागून पट्टी गंजते. फुंकू नका असं निंटेंडोनेही सांगितलं होतं. पोरांचं खोडरबर घ्या, पट्टीच्या दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका आणि घाला.